टाकीवरचे देव

ठाकुर्लीच्या रंगाच्या कारखान्यात छप्पन साली विलायतेहून एक यंत्र आलं. त्याची डबी तेलाच्या टाकीला बाहेरून टेकवायची. ती माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडणार आणि आत तिथवर तेल आहे की नाही ते काटा सांगणार. डबी आणि पत्र्यात हवा राहू नये म्हणून तेवढ्या जागी तेल चोपडावं लागे. गुप्ते इंजिनियरांनी वर, मध्ये आणि खाली तेल चोपडलं आणि घरी गेले.

सकाळी तिन्ही ठिकाणी शेंदूर आणि झेंडूची फुलं.

"हा चावटपणा कोणाचा?" गुप्ते कडाडले.

"तेल लावून देव तुमीच बसवले, साहेब," झाडूवाली ठमाबाई म्हणाली. "आमी निसता शेंदूर लावला. वर गावदेवी, मधी मारुती, खाली वेताळ. आता चपला काढा."

शेंदूर पुसायला एकही कामगार तयार होईना, आणि गुप्त्यांचा स्वतःचाही हात उठेना. अखेर त्यांनी निमूट चपला काढल्या आणि डबी शेंदरावरच टेकवली. काटा बिनतक्रार हलला.

महिनाअखेरीला मॅनेजरांनी विचारलं, "तेल कुठवर आलंय?"

"मारुतीच्या खाली," गुप्ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मॅनेजरांनी मान हलवली. "मग वेताळाच्या खाली जायच्या आत टँकर मागवा. येताना तीन नारळ आणायला सांगा."