निरोप न मिळालेले नाग

"नागांना बोलावलंस तर पोचवायचंही तूच," सासूबाई सांगायच्या. आम्ही केरळातल्या पुळ्ळुवन समाजाच्या बायका हळद-पिठाने जमिनीवर नाग रेखतो, गाऊन त्यांना बोलावतो आणि विधी संपला की सुपारीच्या फुलोऱ्याने चित्र पुसून निरोप देतो.

कोचीच्या प्रदर्शनात माझी चित्रं आणि गाणी शिकलेलं यंत्र फरशीवर उजेडाचे नाग काढत होतं. कुणी पाऊल टाकलं की नाग त्याच्याकडे वळत. तीन आठवड्यांत ते एकदाही पुसले नव्हते.

"करारावर माझी सही घेताना रोज संध्याकाळी पुसू म्हणाली होतीस," मी संयोजक श्रीलयाला म्हणाले.

"चेची, पुन्हा सुरू करायला वेळ जातो हो," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत ती म्हणाली. "आणि हा नुसता उजेड आहे, खरे नाग थोडेच आहेत?"

"मग दारावरच्या पाटीत 'जागृत नाग' कशाला लिहिलंस?"

तिने पाटीवरून नजर काढून फरशीकडे पाहिलं. "उजेड पुसणार तरी कशाने?"

"मी पुसत जाते, तू मागोमाग उजेड मालवत जा. तू शब्द मोडलास, पण नागांना मीही शब्द दिलाय."

आज आयिल्यमचा, म्हणजे नागांच्या आश्लेषा नक्षत्राचा उपास होता. मी चपला काढल्या, पिशवीतला फुलोरा घेतला आणि लोकांच्या पावलांमधून वाट काढत फरशीवर गुडघे टेकले.