चादरीखालचा पाळणा

"चांद जरा डावीकडे घेऊ का?" उज्वलानं कुजबुजत विचारलं.

"घे. पण तू कुजबुजतेस कशाला?"

ती स्टुलावर उभी होती आणि मी खाली स्टूल धरून. सातव्या महिन्यात स्टुलावर चढायची मला बंदी होती, म्हणून भिंतीवर ढग, चांद आणि दोन हत्ती चिकटवायला मी तिला बोलावलं होतं. उज्वला मागच्या गल्लीत पार्लर चालवते. तिचा आवाज असा, की पवननगरच्या रिक्षावाल्यांनाही तिच्याकडचे फेशियलचे भाव पाठ आहेत. चहा प्यायला ती स्वयंपाकघरात बसली तेव्हा सगळी गल्ली ऐकेल इतक्या जोरात हसली होती. मी आलं लाटण्यानं ठेचत होते, त्यावरून. आमच्या दगडी खलबत्त्यातला बत्ता वर्षभर सापडत नव्हता, खल तेवढा ओट्यावर रिकामा बसून होता. "अगं, बत्ता काय पाय फुटून गेला?" असं म्हणून तिनं माझी यथेच्छ टर उडवली. आणि तीच बाई मागच्या खोलीत पाऊल टाकल्यापासून देवळात आल्यासारखी बोलत होती.

"सवय गं," ती म्हणाली. "इथं मोठ्यानं बोललं की काकू रागवायच्या. ते उठेल ना."

"कोण उठेल?"

तिनं हनुवटीनं कोपऱ्याकडे खूण केली. तिथं छताच्या दोन हुकांना जुना लाकडी पाळणा टांगलेला होता, त्यावर नेहमीची निळी चादर.

काकू म्हणजे माझ्या सासूबाई, श्यामलाबाई. याच खोलीत त्यांनी वीसेक वर्षं पाळणाघर चालवलं. सासरे एसटीत होते, पगार वेळेवर होईलच असं नसे, आणि सिडकोच्या या एवढ्याशा घरात विकण्यासारखं काही नव्हतं. अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या बाया सकाळी पोरं सोडून जायच्या. उज्वला त्यातलीच एक. आमच्या आसपासची निम्मी तरुण पिढी याच फरशीवर, याच सतरंजीवर दुपारची झोपली आहे. माझा नवरा तनयही त्यांच्यातच वाढला.

"चादरीखाली बाळ झोपलंय, असं सांगायच्या," उज्वला म्हणाली. "आम्ही गप्प पडून राहायचो. आम्ही शाळेत गेलो, दहावी झालो, आमची लग्नं झाली. ते मात्र झोपलेलंच."

ती हसली, पण तेही आवाज न करता. पोरांना गप्प बसवायची युक्ती म्हणून मला ती आवडली. सासूबाई तशा फार बोलत नाहीत, पण जे बोलतील ते कामाचं असतं.

त्या पाळण्यात जुन्या गोधड्या असतील असं मी लग्न झाल्यापासून धरून चालले होते. सासूच्या खोलीतल्या चादरी उचलून बघायची पद्धत आमच्या माहेरीही नव्हती.

ही खोली सजवायचा हट्ट माझा. माझी आई फोनवर रोज सांगायची, "अगं, बाळ हातात येण्याआधी दुपटंसुद्धा आणू नये." मला ते पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. गेल्या वर्षी माझं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं. त्या वेळी आम्ही काहीच आणलं नव्हतं. सगळे नियम पाळले होते. दवाखान्यातून परत आले तर घरात त्याची म्हणून टाचणीएवढी वस्तू नव्हती. ते येणार होतं हे कशावरून, असं कुणी विचारलं असतं तर दाखवायला काही नव्हतं. तनय एकदाच म्हणाला, "पुढच्या वेळी सगळं नीट होईल." त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंनी तर डिंकाचे लाडू केले, मला तेल लावून शेक दिला, बाळंतिणीचं सगळं साग्रसंगीत केलं. मला त्या शेगडीचा इतका राग आला होता. बाळ नाही आणि बाळंतपण कसलं?

म्हणून या वेळी मी ठरवलं, बाळाला खोली तयार हवी. भिंतीला फिकट पिवळा रंग हवा, ढग हवेत, आपण येणार हे यांना माहीत होतं असं त्याला आल्या आल्या कळलं पाहिजे.

सासूबाई विरोध करतील म्हणून मी वाद तयार ठेवला होता. त्यांनी काहीच विरोध केला नाही. स्वतःची गादी गुंडाळून पुढच्या खोलीत आणली, रंगाच्या वासात दोन दिवस शिंकल्या. फक्त एकच म्हणाल्या, "पाळणा तिथून हलवू नकोस."

आणि मला तर नेमका तोच हलवायचा होता. मी ऑनलाइन एक पांढरा पलंग बघून ठेवला होता, चारी बाजूंनी कठडे असलेला. खोली एवढीशी. पलंग आला तर पाळणा जाणार, पाळणा राहिला तर पलंग दारातूनही आत येणार नाही.

"आई, जुनं लाकूड आहे, काही झालं तर?"

"काही होत नाही."

"मग बाळाला त्यातच ठेवायचं का?"

त्या मेथी निवडत होत्या, निवडत राहिल्या. विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "मुलगी झाली तर स्वरदा ठेवायचं म्हणतोय आम्ही."

त्यांचा हात थांबला. "ते नको. ते नाव दिलेलं आहे."

"कुणाला?"

"दुसरं शोधा," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या घेऊन उठल्या.

रात्री तनयला विचारलं तर तो म्हणाला, असेल कुणी नात्यात. त्याला नातेवाइकांची नावं कधीच लक्षात राहत नाहीत.

त्याची हौस वेगळी. त्यानं खोलीत कॅमेरा बसवला. बाळ जागं झालं की मोबाइलवर कळतं म्हणे. बाळ यायला दोन महिने होते, पण त्याला यंत्र चालू करून बघायचं होतं. भाषासुद्धा हौसेनं मराठी निवडली.

मंगळवारी दुपारी मी ऑफिसात होते. शरणपूर रोडवर एका ऑडिटरकडे मी काम करते. डबा खाऊन मोबाइल हातात घेतला तर त्यावर लिहून आलं होतं: 'बाळ जागं झालं आहे.'

मला हसू आलं. मांजर शिरलं असेल असं वाटलं. चित्र उघडलं. पिवळी भिंत दिसली, उज्वलाचे ढग दिसले, चांद दिसला. खोलीत कुणी नव्हतं. आणि पाळणा हलत होता. जोरात नाही, हलकासा, कुणीतरी आत्ताच झोका देऊन दोरी सोडावी तसा. तो थांबेल म्हणून मी बघत राहिले. तो थांबला नाही.

मी तनयला फोन केला. "पंखा चालू राहिला असेल," तो म्हणाला.

"पंखा रंगासाठी काढलाय ना. आपल्या पलंगाखाली पडलाय."

"मग खिडकी उघडी असेल. यशू, पहिल्या दिवशी यंत्रं अशीच करतात."

बुधवारी पुन्हा तेच. वेळही तीच, जेवणानंतरची. त्या वेळी सासूबाई भजनी मंडळात असतात, घराला कुलूप असतं. गुरुवारी मी डबा उघडलाच नाही. मोबाइल समोर ठेवून बसले आणि मोबाइल थरथरला तेव्हा माझ्या पोटातलं बाळ एकदम ढुशी मारून वळलं. मला भीती वाटली. साधी, लहानपणी वाटायची तशी भीती. गेल्या वर्षी एक गेलं आणि आता या दुसऱ्याकडेही कुणी बघतंय असं वाटायला लागलं. ते काय असेल ते माझ्या बाळाच्या खोलीत नको, आजच्या आज नको, एवढंच डोक्यात होतं. साहेबांना बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि रिक्षा केली.

घराला कुलूप होतं. आत सगळं जिथल्या तिथं. मागच्या खोलीची खिडकी बंद होती, कडी मीच सकाळी लावली होती. पाळणा आता स्थिर होता. मी चादर धरली आणि ओढली.

आत स्वच्छ मऊ दुपटं अंथरलेलं होतं. त्यावर कुंची घातलेलं बाळ होतं.

मी दोन पावलं मागे सरले. मग नीट पाहिलं. कुंचीच्या आत दगड होता. वरवंटा. पुरणापासून चटणीपर्यंत सगळं वाटून गुळगुळीत झालेला, काळा. डोक्याकडच्या टोकाला काजळाची तीट लावलेली होती आणि ते काजळ ओलं होतं.

त्याच्या कुशीत आणखी एक गुंडाळी होती, वीतभर. तिची कुंची पिवळ्या कापडाची, त्यावर लहान लहान पांढरी फुलं. ते कापड मी ओळखलं. गेल्या वर्षी दवाखान्यात जाताना माझ्या अंगात तोच कुर्ता होता. परत आल्यावर मी तो कचऱ्यात टाकला होता.

"बघितलंस," मागून आवाज आला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात टाळांची पिशवी. त्यांना राग आलेला नव्हता. त्यांनी चप्पल काढली, आत आल्या आणि मी ओढलेली चादर उचलून घडी घालायला लागल्या.

"माझी पहिली मुलगी," त्या म्हणाल्या. "तनयच्या आधीची. बारशाच्या दिवशी सकाळी गेली. पाहुणे वाटेत होते. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजवलेले होते. पाळणा सजवून झाला होता. वरवंट्याला कुंची चढवून ठेवलेली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणायचं, आधी दगड पाळण्यात ठेवायचा, मग बाळ. माहीत आहे ना तुला?"

मी मान हलवली.

"माझ्या सासूबाई म्हणाल्या, नाव ठरलंय, ते आता बिनमालकाचं घरात फिरत राहायला नको. लोक म्हणाले, म्हातारी भ्रमली, सुतकात कुठं बारसं करतात? तिनं कुणाचं ऐकलं नाही. दगड ठेवला, त्याच्या कानात नाव सांगितलं. दगडानंतर ठेवायला कुणी नव्हतं. म्हणून दगडच राहिला."

"स्वरदा," मी म्हणाले.

"हो. शहाणी आहे. कधी त्रास दिला नाही. एवढी पोरं इथं रडली, ओरडली, ही झोपून. तनय झाला तेव्हा हिला उचलून खाली ठेवलं, मोठा झाल्यावर परत वर."

शेजारच्या घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं त्या हे सांगत होत्या. मी विचारलं, "आणि हे?"

"हे तुझं."

मी ते उचललं. हाताला वजन ओळखीचं लागलं. वर्षभर मी ज्याला शोधत होते तो बत्ता. कुंचीला बारीक हातशिलाई होती, एकसारख्या टाक्यांची. त्या शेगडीच्या दिवसांत, मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे तेव्हा, त्या बाहेर बसून काहीतरी शिवत असायच्या. काय ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? तू नाव काढू देत नव्हतीस. कुणीच देत नव्हतं." त्यांनी घडी छातीशी धरली. "पण एक सांगते. मोठी झोपते, हे झोपत नाही. जेवणं झाली की दुपारचं उठतं. मी असले तर थोपटते. भजनाला गेले की एकटं पडतं."

कॅमेऱ्यावर काय दिसलं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. तनयनंही नाही, तो या तीन दिवसांत घरी फक्त झोपायला आला होता. आणि त्यांच्याकडे मोबाइल आहे तो बटणांचा.

"तुम्हाला कसं कळतं, उठतं म्हणून?"

"इतकी वर्षं पोरं झोपवली मी, यशश्री." मग म्हणाल्या, "त्याला नाव नाही ना. म्हणून. ते मी ठेवायचं नसतं, आईनं सांगावं लागतं."

त्या वर्षभर वाट बघत होत्या. मला रडू आलं, दवाखान्यातही आलं नव्हतं तसं. मी त्या एवढ्याशा दगडाला उराशी धरून रडले आणि त्या जवळ उभ्या राहिल्या. उगी उगी म्हणाल्या नाहीत.

नाव माझ्याकडे होतं. तिसऱ्या महिन्यातच ठरवलं होतं, तनयलाही सांगितलं नव्हतं. बारशाला नाव आत्या सांगते, पण इथं कुठली आत्या? मी वाकले. कुंची जरा बाजूला केली आणि कान कुठं असेल ते ठरवून तिथं सांगितलं. सासूबाईंनी माझ्या पाठीत बारशाचा धपाटा घातला, अगदी हळू, फूल पडावं तसा. त्या एकट्याच होत्या, तरी रीत सोडली नाही.

दगड कोमट होता. माझ्या छातीशी होता म्हणून असेल.

मी त्याला मोठ्या बहिणीच्या कुशीत ठेवलं. सासूबाईंनी चादर पसरली, कडा नीट खोचल्या. "तुझं आलं की या दोघांना मी खाली माझ्या गादीशी घेईन," त्या म्हणाल्या. "पाळणा त्याचा. पलंग मागवायचा तर मागव. मी बोलणार नाही."

मी मोबाइल काढला आणि पलंगाचं पान बंद केलं. कॅमेरा तसाच राहू दिला. त्यानंतर त्यावर काही लिहून आलं नाही.

संध्याकाळी उज्वला उरलेले दोन ढग घेऊन आली. मी चहा ठेवला होता आणि आलं लाटण्यानं ठेचत होते.

"अजून बत्ता सापडला नाही का गं?" ती दारातूनच ओरडली.

"नाही," मी म्हणाले. "आणि जरा हळू बोल."