शेवळाची बहीण नाही, मी चावरी

मित्रांनो, मी एक जुनी चावरी आहे. हे नाव तुमच्या शाळेच्या पुस्तकात नाही. बोईसरच्या पूर्वेला खडकाळ डोंगर आहे, त्याच्या उतारावर वीतभर मातीखाली माझा कंद बसलेला आहे. मी शिकलेली नाही. पण शिकलेल्यांनी माझ्याबद्दल चुकीचं लिहिलं आणि मी ते त्यांना खोडायला लावलं.

एका पाखराने टाकलेल्या लाल बीतून मी उगवले. पहिली सात वर्षं दर पावसाळ्यात एकच पान वर काढायचं आणि कंद पोसायचा, एवढंच माझं काम. शेजारची शेवळं, म्हणजे माझ्यासारख्याच कंदाची रानभाजी, मात्र पावसाच्या तोंडावर कोंब काढायची आणि पाड्यावरच्या बाया ते खुडून न्यायच्या. काकडाची आंबट फळं घालून शेवळाची भाजी करतात, म्हणजे घशाची खाज मरते. माझी खाज काकडालाही भीक घालत नाही. पाड्यावरच्या ठकीआजीने तरुणपणी एकदा माझा कोंब शिजवला. घर दोन दिवस घसा धरून बसलं. तेव्हापासून तिने मला चावरी म्हटलं आणि माझा नाद सोडला. मला काही वाईट वाटलं नाही. सगळ्यांना आवडणाऱ्यांच्या माना दरसाल कापलेल्या मी पाहत होतेच की!

पालघरच्या कॉलेजात झाडं शिकवणाऱ्या हिमानीला चार वर्षांपूर्वी माझं सुकलेलं फूल सापडलं. तिने ते कागदात दाबून एका मोठ्या जाणकाराकडे पाठवलं. त्याने लिहिलं, ‘हे शेवळच.’ आता सांगा, दाबून चपटं केल्यावर कोणाच्या चेहऱ्यावर काय उरतं? हिमानीला ताजं, उमललेलं फूल हवं होतं; कळी दिसली की कळवा, असं ती ठकीआजीला सांगून गेली. आणि मी फुलते तीन-चार वर्षांतून एकदा, तेही दोन दिवस.

गेल्या पावसाच्या तोंडावर आम्हा चौघींना कळ्या आल्या. ठकीआजीने हिमानीला निरोप धाडला. पण आजीची नवी सून जयवंती टोपली घेऊन डोंगरावर आली; आमच्या कळ्या कापायच्या नाहीत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या माहेरी चावरी उगवत नाही. तिने बघता बघता तीन कळ्या कापल्या. विळा माझ्या मानेशी आला, तेवढ्यात ठकीआजी ओरडली.

“अगं थांब! आख्ख्या घराचा घसा सोलतेस का?”

“आये, शेवळं तर हाय!”

“देठ बघ. शेवळाला ठिपके, हिला पट्टे. डोळे माहेरीच ठेवून आलीस?”

“आमच्याकडं देठ कोण बघतंय? बघायचं ते ताटात.”

तिघींच्या कळ्या गेल्या, कंद तेवढे मातीखाली राहिले. उरले मी एकटी.

हिमानी आली आणि माझ्यापाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सांजेला मी उमलले. बाहेर जांभळं पांघरूण, आत उभा दांडा. शेवळाला कुजका वास येतो. मला आंबलेल्या ताडीचा. हिमानीने भिंग लावलं. शेवळाच्या दांड्यावर खाली मादीफुलं, वर नरफुलं आणि मध्ये वांझ फुलांचा पट्टा. माझ्याकडे तो पट्टाच नाही. मी कोणाला फुकट पोसत नाही!

“आजी, ही वेगळीच आहे!” हिमानीने भिंग आजीच्या हातात दिलं. मग तिचा आवाज खाली आला. “पण पुरावा म्हणून फूल कापून स्पिरिटच्या बाटलीत ठेवावं लागेल. नाहीतर पुन्हा कोणी मानणार नाही.”

“वाचवली ती कापायला?” ठकीआजी कडाडली.

“कंदाला हात लावणार नाही, आजी.”

मी मनातून तयार होते. माझे पराग माझी मादीफुलं मिटल्यावरच सुटतात, आणि शेजारणींची फुलं गेल्यावर दुसरे येणार कुठून? त्या साली माझ्या पोटी बी धरणार नव्हतंच. फुलाने निदान साक्ष तरी द्यावी.

ठकीआजीने जयवंतीच्या हातून विळा घेऊन माझं फूल स्वतः कापलं. कंदावरची माती पायाने नव्हे, हाताने दाबली.

“हिला तुमचं नाव देऊ?” हिमानीने विचारलं.

“माझं कशाला? मी काय लोकांचा घसा धरते?”

“धरता की, रोज!” मागून जयवंती म्हणाली. ठकीआजीलाही हसू आवरेना.

शेवटी चावरी हेच नाव छापून आलं. त्या जाणकाराने बाटलीतलं फूल पाहून आपलं जुनं मत मागे घेतलं. कबूल करायला त्याला आठ महिने लागले, पण केलं.

मित्रांनो, नाव मिळालं, बी मात्र मिळालं नाही. आम्ही चौघी पुन्हा एकाच साली फुललो, तरच आमची लेकरं या डोंगरावर उगवतील. तोवर आमची फक्त पानं दिसतील. इकडे आलात आणि मला ओळखलं नाही, तरी राग नाही. पण विळा उचलण्याआधी एखाद्या ठकीआजीला विचारा. आणि तुमच्याकडे वेळ असेल, तर आम्ही फुलेपर्यंत थांबा.