उतार बंद करणारा शब्द

"बशी," म्हातारा मुख्य गाईड रॉस टेनंट म्हणाला आणि टेबलाभोवतीचे सगळे गाईड नादिया कोनकिनकडे बघायला लागले.

"लाइकली," नादिया म्हणाली.

कोणीतरी कपाळाला हात लावला. रॉसने पेन्सिल टेबलावर आपटली.

ब्रिटिश कोलंबियातल्या त्या डोंगरात पाहुण्यांना हेलिकॉप्टरने वर सोडायचं आणि स्की करत सुखरूप खाली आणायचं, हा या मंडळींचा धंदा. रोज सकाळी ते एकेका उताराला शब्द लावत. उतारावरचं बर्फ माणसाच्या वजनाने सुटणं 'पॉसिबल' असेल, तर जपून जायचं. 'लाइकली', म्हणजे दाट शक्यता असेल, तर तो उतार त्या दिवशी बंद. आणि एकाही गाईडने बंद म्हटलं की बाकीच्यांनी कितीही आदळआपट केली तरी तो बंदच राहायचा. नादियाने या मोसमात बशीला 'लाइकली'शिवाय दुसरा शब्द लावलाच नव्हता. बशी म्हणजे त्या भागातला सगळ्यात देखणा उतार, आणि पाहुणे मुळी तिच्यासाठीच येत.

"परवा बर्फ सुटतं का बघायला बाँब टाकला ना बशीत?" रॉस म्हणाला. "हलली?"

"नाही हलली."

"मग तुझं घोडं अडलंय कुठे?"

"खालचा थर साखरेसारखा सुटा आहे, आणि मीटरभर बर्फ त्याच्यावर बसलंय. बाँब टाकला तिथे नाही सुटलं. म्हणजे दुसरीकडे सुटणार नाही असं थोडंच आहे?"

"बाई गं, तू रोज म्हणतेस सुटेल, आणि ते रोज जागच्या जागी असतं. हवामानवाला असा चुकला असता तर त्याला हाकलला असता."

"मी 'सुटेल' म्हणत नाही. मी 'लाइकली' म्हणते."

"शब्दांचा कीस काढू नकोस. पीट, तू बोल."

पीट नादियाचा नवरा. तोही गाईड, आणि चांगला गाईड. कालच तिच्याबरोबर खड्डा खणून त्याने तो साखरेचा थर हातात घेऊन पाहिला होता. कॉफीच्या कपात बघत तो म्हणाला, "मला पॉसिबल वाटतं." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण रॉसच्या ओठांवर हसू दिसलं आणि याला चेव आला. "हिला काय, आमच्या गॅरेजसमोरचा उतारही लाइकली वाटतो."

सगळे खदखदून हसले. नादियाच्या कानशिलांत रक्त चढलं. बाहेरच्यांचं ती एका कानाने ऐकून सोडून देत असे, पण हा तिच्या घरातला माणूस होता.

"माझा नकार आहे," ती म्हणाली. "बशी बंद."

"नकार गाईडचा चालतो," रॉस शांतपणे म्हणाला. "आज तू गाईड नाहीस. स्वयंपाकघरात माणूस कमी आहे, तिकडे जा."

असं आजवर कोणी केलं नव्हतं. एकाचा नकार सगळ्यांनी मानायचा, यावर तर ती मंडळी जिवंत होती. टेबलावरच्या कोणालाही ते कळत नव्हतं असं नाही. फक्त तोंड उघडलं की आपणही स्वयंपाकघरात जाणार, हेही त्यांना कळत होतं. नादियाने पीटकडे पाहिलं. त्याने एक बोट वर केलं असतं तरी पुरलं असतं. तो बुटांचे बंद आवळत बसला.

दिवसभर तिने बोर्श्ट नावाच्या सूपसाठी बीट सोलले, कोबी चिरला आणि खिडकी सोडली नाही. पीटच पाहुण्यांना घेऊन बशीवर गेला होता. दुपार कलल्यावर हेलिकॉप्टर उतरलं, आणि तिने एकेक डोकं मोजलं. सगळे होते. तिचा जीव भांड्यात पडला. पण त्या आनंदाच्या तळाशी थोडी निराशाही होती, आणि ती ओळखू आली तेव्हा नादियाला स्वतःची किळस आली. शब्द खरा ठरावा म्हणून कोणी मरायला हवं होतं का? तिने हात धुतले आणि पुन्हा धुतले.

जेवताना रॉस ग्लास घेऊन उभा राहिला. "आज ज्यांनी लाइकली मरायचं होतं, त्यांच्या तब्येतीसाठी!"

हशा झाला. पीटही हसला. "नादिया, आता तरी कबूल कर," तो म्हणाला, "चुकलीस म्हणून. सूप छान झालंय, तेवढ्यावर माफ करू."

"मजा सांगू का?" टोरंटोहून आलेली ग्वेन नावाची डॉक्टरीण मध्येच म्हणाली. पाहुण्यांना गाईडांची भांडणं कळत नाहीत, त्यामुळे ती अगदी खुशीत होती. "बशीच्या मध्यावर आम्ही थांबलो ना, तेव्हा पायाखाली धप्प झालं! जिन्याखालचं दार आपटावं तसं. सगळं बर्फच बोटभर खाली बसलं. पीट म्हणाला, डोंगराने ढेकर दिला."

पाहुणे हसले. एकही गाईड हसला नाही. तो आवाज म्हणजे खालचा थर मोडल्याचा आवाज. तो ऐकला की माणसांना त्या उतारावरून काढायचं आणि खाली पोचायच्या आत रेडिओवरून सगळ्यांना कळवायचं. पीटने कोणालाच कळवलं नव्हतं.

"आवाज झाला होता?" नादियाने विचारलं.

"जेवण चालू आहे, नादिया."

"झाला होता का?"

"झाला होता. म्हणून काय? सगळे घरी आले ना?"

नादियाने रॉसकडे पाहिलं. म्हातारा कितीही उर्मट असला तरी डोंगरात जन्म काढलेला माणूस होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग क्षणभर उडाला. मग त्याची नजर पाहुण्यांवरून फिरली. "उद्याही बशीच," तो म्हणाला. "ठरलंय ते ठरलंय."

पाहुण्यांना घाबरवायचं नाही, हा दुसरा नियम. तो आजवर नादियाने पाळला होता. ती ग्वेनकडे वळली.

"तो ढेकर नव्हता. तुम्ही उभ्या होतात त्याखालचा थर तुमच्या वजनाने मोडला. वरचं बर्फ त्या वेळी सुटलं नाही, हे तुमचं नशीब. त्यात आमच्यातल्या कोणाची हुशारी नाही. उद्या जाऊ नका."

ग्वेनने चमचा खाली ठेवला. तिने पीटकडे पाहिलं, आणि पीटने तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढं तिला पुरलं. "मी जाणार नाही," ती म्हणाली. तिच्यापाठोपाठ एकेक जण तेच म्हणाला.

रॉस नादियापाशी वाकला. "सामान बांध. सकाळच्या गाडीने खाली जायचं."

सकाळी तिने स्की खांद्यावर घेतल्या तेव्हा पीट दारात आडवा उभा होता.

"एका शब्दासाठी संसार मोडतेस?"

"शब्दासाठी नाही. आवाज ऐकलास आणि माझ्याकडे बघून हसलास, त्यासाठी."

"रॉस मला पाठवतोय. पाहुणे नाहीत, मी एकटाच. तू सगळ्यांना घाबरवलंस ना, म्हणून बशी ठीक आहे हे दाखवून यायचंय."

"मग नाही म्हण."

"माझी नोकरीही घालवतेस?" त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तूच सांग ना. मी गेलो तर काय होईल?"

तिने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. त्याला धाक घालता आला असता, किंवा धीर देता आला असता. पण शक्यता जेवढी आहे तेवढीच सांगायची, यावरून तिने इतके दिवस शिव्या खाल्ल्या होत्या, आणि ते तिला आता बदलता येईना.

"बहुतेक परत येशील," ती म्हणाली.

"बहुतेक?"

"हो."

तो बाजूला झाला. गाडीत बसल्यावर तिने मागे पाहिलं. पीट अजून दारातच होता, आणि आतून रॉस त्याला हाका मारत होता.