शोधात आढळले नाही

आमची कंपनी घडीच्या शिड्या बनवते. माझा मामा तिथे चाचणी विभागात आहे, म्हणजे शिडीवर चढणं आणि उतरणं हे त्याचं काम. सव्वीस वर्षं रोज शिडी चढून एक मजलाही वर न गेलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मला तिथे त्यानेच चिकटवलं. मी कंपनीचे कंप्यूटर सांभाळतो. एकटाच आहे, त्यामुळे विभागप्रमुखही मीच आणि विभागप्रमुख ज्याच्यावर चिडतो तो माणूसही मीच. सगळे मला 'पासवर्ड' म्हणतात, कारण तो विसरल्याशिवाय कुणाला माझी आठवण येत नाही.

मागच्या वर्षी एक रंगारी आमच्या शिडीवरून पडला. मधली बिजागरी सुटली, शिडीने स्वतःची घडी घातली आणि रंगाऱ्याचीही. कंबर मोडली. त्याने दावा लावला. कोर्टाने कंपनीला सांगितलं की या बिजागरीबद्दल गेल्या पाच वर्षांत ज्या काही ईमेल गेल्या-आल्या असतील त्या सगळ्या हजर करा.

पाच वर्षांच्या मेल होत्या. बॅकअपच्या चौदा डिस्कवर होत्या आणि त्या डिस्क मी स्टोअररूममध्ये साबणाच्या खोक्यात नीट लावून ठेवल्या होत्या. वकीलबाई, म्हणजे कंपनीच्या कायदा विभागाच्या प्रमुख, ते खोकं बघायला स्वतः आल्या. या बाई कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं, असं वाटायला लावतात.

"यातून काही शोधायचं असेल तर?" त्यांनी विचारलं.

"वेळ लागतो."

"किती?"

"रंगारी बरा होईल."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्या मेल एका जागी साठवणारं, कुणाला पुसता येणार नाहीत असं, आणि कोर्टाने मागितलं की शोधून देणारं एक सॉफ्टवेअर घ्यायचंय. तीन बघा, निकष ठरवा, गुण द्या, तक्ता करा. महिनाअखेर साहेबांसमोर ठेवू."

त्याच आठवड्यात मामाला निलंबनाचं पत्र मिळालं. पडलेली शिडी बॅच तीनशे सतरामधली होती आणि त्या बॅचच्या फॉर्मवर 'पास'चा जो शिक्का होता तो मामाचा होता. कंपनीने कोर्टात लिहून दिलं की दोष आढळला असता तर तो चाचणीतच कळवला गेला असता. चाचणी करणाऱ्याने कळवलेलं नाही, सबब चूक त्याची. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

मी मामाकडे गेलो तर तो घरातली स्टुलं एकेक करून हलवून बघत होता.

"शिक्का माझा आहे, हात माझा नाही," तो म्हणाला. "मी रजेवर होतो तेव्हा कुणीतरी ड्रॉवरमधून काढून मारलाय. पण मी आधीच कळवलं होतं. थेट साहेबांना. उत्तरही आलं होतं."

"काय आलं होतं?"

"'पाहिलं.'"

"एवढंच?"

"साहेबांचं ते मोठं पत्र झालं."

"तारीख काय होती, मामा?"

"तारीख कुठली लक्षात राहायला? माझ्या लग्नाची तारीखसुद्धा तुझी मामी सांगते मला, तीही रागावल्यावर. तीन वर्षं झाली असतील. तू शोधशील ना?"

"शोधतो की," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी इतक्या सहज दिलेला हा शेवटचा शब्द.

चाचणी विभागात मेल पाठवायची एक पद्धत आहे आणि ती मामानेच पाडलेली. तिथे कुणी टाइप करत नाही. फॉर्मवर हाताने लिहायचं, फोनवर फोटो काढायचा आणि विभागाच्या सामाईक पत्त्यावरून पाठवून द्यायचा. विषय रिकामा, मजकूर रिकामा, नुसता फोटो. दिवसाला साठेक जातात. मी कितीदा सांगितलं, निदान विषय तरी लिहा. मामाचं उत्तर ठरलेलं: "टाइप केलेलं कुणाचंही असू शकतं. अक्षर आपलंच असतं." फोटोंनी ती पेटी दर महिन्याला भरायची आणि मी ती दर महिन्याला रिकामी करायचो. त्यामुळे मामाची मेल आता कुठे असेल तर माझ्या साबणाच्या खोक्यात, ऐंशी-नव्वद हजार बिननावाच्या फोटोंमध्ये.

तीनही सॉफ्टवेअर मी महिन्याभराच्या ट्रायलवर लावली आणि तिघांनाही तोच बॅकअप खायला घातला. पहिल्यात 'बिजागरी' टाकलं तर ते चार तास विचार करून बंद पडलं. विकणारा म्हणाला, हे त्याचं वैशिष्ट्य आहे, सुरक्षिततेसाठी. तिसरं मात्र झपाट्याचं. दोन सेकंदांत दोनशे बारा निकाल. मी एकेक उघडली. दोनशे बाराच्या दोनशे बारा कॅन्टीनमागच्या संडासाच्या दाराबद्दल होत्या. त्या दाराची बिजागरी तीन वर्षं निखळलेली होती आणि तिच्यावर आमच्या कंपनीने तक्रारी, स्मरणपत्रं, एक उपसमिती आणि दोन विशेष बैठका केल्या होत्या. शिडीच्या बिजागरीबद्दल एक अक्षर नाही. फोटोतलं अक्षर त्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नव्हतं.

दुसऱ्याला येत होतं. ते घेऊन आलेली मुलगी माझ्याच वयाची होती, बॅगेचा पट्टा सेफ्टी पिनेने जोडलेला. ती म्हणाली, "आमचं हस्ताक्षरही वाचतं. डॉक्टरांचं सोडून." मी 'बिजागरी' टाकलं. अकरा मिनिटं लागली. संडासाच्या दोनशे बारा आल्या आणि त्यांच्या खाली आणखी एक आली.

एकोणीस ऑगस्ट, सकाळी दहा बावन्न. मामाचं अक्षर शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं आहे, यंत्रालाही त्रास झाला नाही. 'बॅच ३१७. मधल्या बिजागरीचे रिव्हेट ढिले. सत्तर किलोला हलते. मी ही बॅच पास करणार नाही. माझ्या नावाने कोणी करू नये.' खाली साहेबांचं उत्तर, अकरा वाजून एक मिनिट. 'पाहिलं.'

मी त्या मुलीला चहा पाजला. तिला वाटलं मला सॉफ्टवेअर आवडलं.

इथे माझ्यापुढे दोन रस्ते होते. ती मेल गुपचूप छापून मामाला द्यायची, किंवा बैठकीत रीतसर दाखवायची. मी रीतसर माणूस. मला वाटलं, भिंतीवर एवढं मोठं दिसल्यावर नाकारणार कोण? तक्त्यात मी सहा निकष घातले होते आणि शंभरपैकी चाळीस गुण एकट्या 'काय सापडतं' याला ठेवले होते. मामा सुटणार, वर माझं काम चोख दिसणार, असा माझा हिशेब. शाळेत गणितात मला नेहमी पैकीच्या पैकी असायचे.

बैठकीला साहेब, वकीलबाई आणि मी. मी तिसऱ्या सॉफ्टवेअरची संडासाची बिजागरी दाखवली. साहेब म्हणाले, "ते दार अजून तसंच आहे का?" मी हो म्हणालो. मग मी दुसरं सुरू केलं आणि मामाची मेल भिंतीवर आली, चार फूट बाय सहा फूट. तिघांनी ती वाचली. खाली 'पाहिलं' होतं, तेही वाचलं.

"अक्षर छान आहे," साहेब म्हणाले.

"आता तक्ता बघू," वकीलबाई म्हणाल्या. "'काय सापडतं' याला चाळीस गुण कशासाठी?"

"सापडायलाच तर घेतोय ना, मॅडम."

"आपण मेल जपून ठेवायला घेतोय. मागितलेलं देणं हा त्यातला एक भाग. पाच द्या त्याला. उरलेले पस्तीस वेगाला. दुसऱ्याला अकरा मिनिटं लागली, तिसऱ्याला दोन सेकंद. कोर्टाला ताटकळत ठेवणं बरं नाही."

"पण मॅडम, ही मेल..."

"कुठली?"

मी भिंतीकडे बोट केलं. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. रागाने नाही, खोलीतून जाताना दिवा बंद करावा तसा.

"पासवर्ड, शब्दांची यादी दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरली आहे. त्या शब्दांनी, बाजारात मान्यता असलेल्या सॉफ्टवेअरने शोधायचं आणि सापडेल तेवढं द्यायचं. याला पद्धत म्हणतात. शोधणारा म्हणून सही तुमची असेल. तिसऱ्यात तुम्हाला ही मेल दिसली का?"

"तिसऱ्यात नाही दिसली."

"मग खोटं काहीच लिहायचं नाहीये."

साहेबांनी तेवढ्यात सांगितलं की या कामासाठी एक अभिलेख अधिकारी नेमावा लागेल, आणि अशा पदावर तरुण माणूस असलेला बरा. मी थँक यू म्हणालो. तोंडातून निघून गेलं. सवय वाईट.

तिसरं सॉफ्टवेअर आलं. मी चौदाही डिस्क त्यात ओतल्या. मामाची मेल आता त्यात आहे. सात वर्षं ती कुणालाही पुसता येणार नाही, साहेबांनाही नाही, मलाही नाही. इतकी सुरक्षित मेल आमच्या कंपनीत दुसरी नसेल. फक्त ती कुठल्याही शब्दाने सापडत नाही. मी प्रतिज्ञापत्रावर सही केली: 'दोनशे बारा ईमेल सोबत जोडल्या आहेत. याव्यतिरिक्त संबंधित काहीही शोधात आढळले नाही.' रंगाऱ्याच्या वकिलाने संडासाच्या दाराबद्दलची दोनशे बारा पत्रं वाचली म्हणे. तिसऱ्या विशेष बैठकीची मागणी त्यानेही केली असती.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्या मुलीचा फोन आला. "आमचं कुठे कमी पडलं, सांगाल का? वर कळवायचंय."

"कमी नाही पडलं."

"मग?"

"वेग," मी म्हणालो.

"अकरा मिनिटं जास्त आहेत का?" तिने खरंच मनापासून विचारलं. मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मामा आमच्या घरी आला. आई स्वयंपाकघरात होती. मामा माझ्यासमोर खुर्चीवर बसला, पण टेकला नाही.

"आमच्या युनियनचा वकील भेटला," तो म्हणाला. "तो म्हणतो, अख्ख्या पाच वर्षांचे फोटो हाताने चाळा असं कोर्ट सांगणार नाही. पण एक तारीख दिली तर त्या एका दिवसाच्या मेल तो मागवू शकतो. साठ फोटो आहेत, कुणीही बघेल. मला फक्त तारीख सांग."

मी समोरच्या पेपरची घडी घालू लागलो.

"तू बघितलीयस ती मेल."

"कोण म्हणालं?"

"चहा देणारा बैठकीच्या खोलीत येत होता, काचेतून भिंतीवर माझं अक्षर बघून परत फिरला. माझं अक्षर तो ओळखतो. कॅन्टीनची पाटी मीच लिहून दिलीय त्याला. तारीख त्याला वाचता आली नाही. चष्मा नव्हता."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आई ऐकत होती.

मी तारीख सांगितली, तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरणार. सही माझी. पद्धत वकीलबाईंची, वेग सॉफ्टवेअरचा, 'पाहिलं' साहेबांचं. पण सही माझी. मामा तिथे शिक्क्यामुळे बसला होता आणि मी सहीमुळे. फरक इतकाच की माझा हात माझाच होता.

"मामा, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नाही आठवत," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, एखाद्या बॅचकडे बघावं तसं. मग उठला. आई दारात येऊन म्हणाली, "दादा, जेवून जा."

"नको गं. सध्या वजन तपासून बघतोय," मामा म्हणाला आणि चपला घालून गेला. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्याचा पाय पडलेला ऐकू आला. आईने माझं ताट वाढलं, त्याच्यावर दुसरं ताट झाकलं आणि आत जाऊन पडली.

चौकशीचा निकाल लागला. दोष कळवण्यात कसूर, सेवेतून कमी. मामी आता आईचा फोन घेत नाही. माझ्या दारावर 'अभिलेख अधिकारी' अशी पाटी लागली आहे, छापील.

कधी कधी वाटतं, एकदा एकोणीस ऑगस्ट उघडून बघावं, अजून आहे का ते. उघडत नाही. कुणी, कधी, काय उघडलं याची नोंद ते सॉफ्टवेअर ठेवतं, आणि ती नोंद मात्र दोन सेकंदांत सापडते.