उन्हात ठेवलेला आवाज

निलेश स्वस्थ बसलाय हे दृश्य मी तरी कधी पाहिलं नव्हतं. धाटावच्या कंपनीत तो यंत्रांवरचे मीटर आणि गेज सांभाळायचा, मी बॉयलरवर. राहायला दोघेही रोह्याशेजारच्या अष्टमी गावात. शिफ्ट सुटली की मी घरी जाऊन आडवा व्हायचो आणि हा निम्मं जेवण ताटात टाकून सोल्डरिंग करत बसायचा. मी रोह्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझा जुना ॲम्प्लिफायर ऐन कार्यक्रमात खरखरला, त्याचं निमित्त झालं.

निलेशने मला नवा करून दिला, तोही डिजिटल. म्हणजे तारेचा आवाज आत गेला की त्याचे आकडे होणार, त्या आकड्यांवर निलेशने लिहिलेला प्रोग्राम चालणार आणि मग त्यांचा पुन्हा आवाज होऊन बाहेर येणार. आवाज घुमवायचा असो की थरथरवायचा, सगळं प्रोग्राममध्ये. सत्त्याण्णव साली आमच्याकडे असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. मी तो एका वरातीत वाजवला आणि वराती-मिरवणुकांत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्या निलेशच्या दारात उभ्या राहिल्या. गिटारसाठी केलेला ॲम्प्लिफायर बेंजोला लागला आणि त्याचं नाव पडलं डबा. रोहा, कोलाड, नागोठणं, पेण, सगळीकडे निलेशचे डबे झाले.

दर रविवारी अष्टमीच्या त्याच्या ओटीवर ही मंडळी डबे घेऊन जमायची. नागोठण्याचा विठू म्हणायचा, आवाज बोचतोय. कोलाडचा रितेश म्हणायचा, आवाज ओला लागतोय. ओला आवाज म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती; निलेशला मात्र ते कळायचं. तो प्रोग्राम बदलायचा, नव्या चिपवर चढवायचा आणि ती चिप सगळ्यांच्या डब्यांत बसवायचा. एकाला सापडलं ते सगळ्यांचं, हा त्याचा नियम होता आणि त्यावरच ही सभा टिकून होती. पुढच्या रविवारी रितेश खूश असायचा आणि विठू तोंड पाडून बसलेला असायचा.

"आता जमलंय ना, मग हात नको लावू," असं मी कितीदा सांगितलं असेल. पण जित्याची खोड ती. चांगला वाजणारा डबा दिसला की त्याच्या हाताला खाज सुटायची.

या सगळ्यांत कधीच तक्रार न करणारा एक माणूस होता. पेणच्या खाडीकडच्या गावातला, मिठागरावर काम करणारा पुंडलिकमामा. त्याची बेंजो पार्टी होती. त्याची बायको शकू धवलारीण, लग्नात धवले, म्हणजे हळदी-लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी; मांडवात तिचा पहिला सूर लागल्याशिवाय त्या गावात हळद लागत नसे. ती आदल्या वर्षी तापात गेली. मामा त्यानंतरही रविवारी यायचा, कोपऱ्यात बसून चहा प्यायचा, नवी चिप घ्यायचा आणि जायचा. गणपतीनंतर तो यायचा एकदम थांबला.

निलेशला चैन पडेना. "मामा रागावला असेल. मागच्या चिपेत मी काहीतरी बिघडवलं."

तेवढ्यात मी पेणला एका साखरपुड्याला गेलो आणि मामाचा बेंजो ऐकला. सूर लागायचा तो सरळ, पण संपताना जरासा कापायचा, खाली बसायचा आणि बसता बसता पुन्हा डोकं वर काढायचा. माझ्या अंगावर काटा आला. तीच चिप माझ्या डब्यात होती, माझ्याकडे हे काही होत नव्हतं. मी मूर्खासारखा हे येऊन निलेशला सांगितलं.

झालं. त्याने सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून चाळला. त्यात असं काही नव्हतंच. आपण न लिहिलेला आवाज आपल्या डब्यातून निघतो, हे त्याला सोसवेना. कंपनीत तो चुकीचा व्हॉल्व्ह उघडता उघडता वाचला. इकडे रितेशनेही तो आवाज ऐकला होता. "पुंडलिकमामाचा आवाज आमाला पण पायजे," म्हणून सगळी सभा निलेशच्या मागे लागली. मीही लागलो, खोटं कशाला बोलू. मामाच्या गावातल्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला, तर उलट निरोप आला: डबा बरा हाय, येऊ नका.

येऊ नका म्हटल्यावर निलेश जाणारच. त्याने चिपची कॉपी काढायचं छोटं यंत्र पिशवीत टाकलं, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही पेण गाठलं.

मामाच्या अंगणात सुकट वाळत पडली होती. पलीकडे बाजेवर पापड. आणि मधोमध, फळीवर, झाकण काढून आभाळाकडे तोंड करून ठेवलेला आमचा डबा. निलेश धावला आणि त्याने डब्यातल्या चिपवर दोन्ही तळहात धरले, जसं काही पोराला ऊन लागतंय.

मामा बाहेर आला. "काय जालं?"

"मामा, हा उन्हात कशाला ठेवला?"

"विसर्जनाला भिजला. भिजला मंग सुकवाला नको? आठ दिस सुकवला. आवाज असा मोकला जाला! तवापासून दर मयन्याला सुकवतो."

बरोबरच होतं त्याचं. ज्यांचा जन्म पाणी सुकवून मीठ काढण्यात गेला, ते ओली झालेली वस्तू उन्हातच ठेवणार. पण त्या चिपला पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. जुना प्रोग्राम पुसायचा तर तिच्यावर अतिनील किरणांचा जांभळा दिवा धरायचा. ऊनही तेच काम करतं, फक्त सावकाश. म्हणून निलेश त्या खिडकीवर कागद चिकटवायचा. विसर्जनाच्या पावसात तो कागद निघून गेला होता, आणि ऊन प्रोग्राम खात सुटलं होतं. काही आकडे बदलले, त्यातून तो कापरा सूर निघाला. निलेशने ओटीवर बसून मामाला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे मीच त्याला मारतो हाय," मामा म्हणाला.

"व्हय. अजून दोन-चार वेळा ठेवलात तर डबा मुका होईल."

मामाने अंगणातल्या डब्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "त्यात शकूचा गला आलाय. धवला संपवताना ती अशीच सूर सोडी. आमच्या पोरीची, मैनाची हलद हाय माघात. तवर ऱ्हायला पायजे."

निलेशने पिशवीची चेन उघडली. "मामा, मशीन आणलंय. आत्ता कॉपी काढतो, मग तो आवाज कुठं जात नाय."

"कॉपी काढली मंग रविवारी सगल्यांच्या डब्यात जाईल ना?"

मी निलेशला कोपराने ढोसलं. नाही म्हण, बाबा, एक शब्द खोटं बोल. पण हा उंटावरचा शहाणा म्हणाला, "व्हय. नियम हाय तो."

"मंग नको. ज्याच्या त्याच्या वरातीत ती नाय गायची."

मी चिडलो. येताना स्कूटरवर निलेशला नाही नाही ते बोललो. त्याने फक्त एवढंच केलं होतं की खिडकीवर काळी टेप लावून झाकण बंद केलं होतं. रविवारी सभेने विचारलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं, तो आवाज मामाचा आहे, मिळणार नाही. रितेश रागावून डबा उचलून गेला. विठू म्हणाला की मग नियम कशाला ठेवला. पुढचे रविवार पाच-सात माणसांवर आले, आणि तो रिकाम्या ओटीवर येरझाऱ्या घालत राहिला.

माघात हळदीला आम्ही गेलो. मांडव भरला होता, पोरं नाचायला आसुसलेली. मामाने आधी नाचायचं काही वाजवलं नाही. धवल्याची चाल घेतली. पहिला सूर संपताना कापला, बसला आणि वर आला, तशी पुढे बसलेल्या बायकांची बडबड थांबली. धोंडुबाई जन्मभर शकूच्या जोडीने गायलेली. तिने पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या ओळीला आपसूक गाऊ लागली. मैना हळदीचे हात तसेच धरून बापाकडे बघत होती. मला रडू आलं. निलेश मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि ऐकताना त्याची बोटं खांबावर सारखी काहीतरी मोजत होती.

मैना सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाने आम्हाला बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा डबा अंगणात त्याच फळीवर होता. झाकण काढलेलं. मामाने आमच्यासमोर नखाने टेप सोलली आणि तिची गोळी करून खिशात टाकली.

"पोरीसाठी थांबली होती," तो म्हणाला. "आता किती दिवस गायला लावू तिला? जाऊ दे."

"मामा, मी कुणाला देणार नाय," निलेश म्हणाला. नियम मोडायला तो पहिल्यांदाच तयार झाला होता. "तुमच्यासाठीच ठेवतो."

"माज्यासाठी तर नकोच, भाऊ," मामा म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

मी निलेशच्या कानात म्हणालो, "पिशवीत मशीन हाय ना? तो आत हाय तवर काढ कॉपी. त्याला कळणार पण नाय." मला तो आवाज हवा होता. आजही हवा आहे. निलेशचा हात चेनवर गेला. चेन अर्धी उघडली. मग त्याने ती लावली, पुन्हा उघडली, आणि पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

चहा झाला. मामा ओटीच्या कडेला खाली मान घालून बसला. निलेशचा गुडघा सारखा हलत होता, नजर डब्यावरून हटत नव्हती. ऊन कललं तशी कुंपणालगतच्या शेवग्याची सावली अंगणातून सरकत आली, आधी फळीवर, मग डब्यावर. मामाचं लक्ष नव्हतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, एवढ्यावर भागलं तर तो आवाज वाचेल.

निलेश उठला. अंगणात गेला, डबा दोन्ही हातांनी उचलला आणि सावलीतून काढून उन्हात ठेवला.