अंगठ्यापासून अकरा इंच

पायाला काही कळत नाही, हे मला कॉलरमुळे समजलं. मोटरच्या मशीनवर पाय किती दाबला यावर सगळा कारभार चालतो, आणि माझा पाय दाबतोय की नुसता टेकलाय हे मलाच कळेना. टाके सुसाट कॉलरबाहेर गेले. तीन शर्ट वाया घालवल्यावर मालकांनी मला बटणं लावायला बसवलं. एकतीस वर्षं कॉलरी शिवलेला माणूस बटणं लावतोय म्हटल्यावर दुकानातले सगळे माझ्याशी फार अदबीने वागायला लागले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारा वर्षांची साखर आहे, नसांनी मान टाकलीये. रोज पाऊण तास चाला, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा. साखर आटोक्यात येईल, तळव्यांची जळजळ कमी होईल. जाणीव थोडी परत येईलही, पण हमी देत नाही. आणि पाय रोज डोळ्यांनी तपासायचे."

मग रोज सकाळी बायको मला बाहेर काढायची. ती दोन पावलं पुढे, हातात घड्याळ. "अहो, पाय उचला की. रस्ता पुसताय का?" मी उचलायचो. रागही यायचा नाही.

महिन्याभरात जळजळ कमी झाली. पण जाणीव? मी शिंपी, माप घेतल्याशिवाय माझा देवावरही विश्वास बसत नाही. रविवारी चालायला निघण्याआधी ही आंघोळीला गेली की मी टेप, खडू आणि टाचणी काढायचो. अंगठ्यापासून टोचत टोचत वर यायचं आणि जिथे कळेल तिथे खडूची रेघ मारायची. पहिल्यांदा रेघ तेरा इंचांवर आली, पार नडगीवर. दुसऱ्या महिन्यात बारा. तिसऱ्यात अकरा. दोन इंच पाय परत मिळाला होता. मी मालकांना छातीठोक सांगितलं, "मशीन कुणाला देऊ नका, मी येतोय."

अंगठा मात्र मख्खच. म्हणून तिथे मी जरा जोर लावायचो, दोन-चारदा टोचायचो. मग त्याच पायात बूट घालून पाऊण तास चालायचो.

"पाय बघितले का?" ही विचारायची.

"बघितले," मी म्हणायचो. बघायचो ती रेघ.

मोजे धुताना हिला पू दिसला. तिने माझा पाय मांडीवर घेऊन उलटा केला. अंगठ्याखाली हरभऱ्याएवढं भोक होतं. "हे कशाने?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने चप्पल घातली आणि गाडी बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी बारीक सळई हातात घेतली. "ही आत हाडाला लागली तर अंगठा बहुतेक जाईल. कदाचित पायाचा पुढचा भागसुद्धा."

सळई आत गेली. दुसऱ्या कुणाच्या विजारीला खिसा कापताना बघावं तसा मी बघत होतो. पाय गेला तर मशीन गेलं, एवढा हिशेब मनात होता. त्याचंही काही वाटत नव्हतं.

"हाड लागत नाही. थोडक्यात वाचलात," बाई म्हणाल्या. "चालणं बंद. जखम भरेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. व्यायाम खुर्चीत बसून करा. आणि टाचण्या कापडालाच लावा."

मग पू काढायला त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी माझा तळवा खोलवर दाबला. आणि मी ओरडलो. इतका मोठ्याने की बाहेरच्या बाकावरचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

"दुखलं?" बाईंनी हात काढला. "वरचं टोचलेलं कळत नाही, पण खोलवरचं कळतंय. चांगलं लक्षण आहे." त्यांनी परत दाबलं.

मी परत ओरडलो. ओठ आवळून आवाज गिळायला लागलो, तर बायकोने माझा खांदा धरला.

"ओरडा," ती म्हणाली. "चांगलं ओरडा. इतके महिने आपल्या घरात मी एकटीच घाबरतेय."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला भयंकर भीती वाटली.